झाझच्या गाण्यातला रस्ता

नमस्कार. २०१० साली फ्रान्समध्ये 'ज व्हो', म्हणजे 'मला हवे आहे', हे गाणे आले आणि इझाबेल जेफ्रुआ ही तिशीची गायिका 'झाझ' या नावाने घराघरांत पोहोचली. रिट्झ हॉटेलातले आलिशान दालन, शनेलचे दागिने, लिमुझिन गाडी, यांतले काहीही मला नको, असे ती त्यात ठणकावून सांगते. त्या शब्दांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आज मला बोलायचे आहे ते त्याच्या तालाविषयी, कारण पॅरिसचा रस्ता या गाण्यात शिरतो तो तालातून.

हा ताल प्रामुख्याने गिटार धरते. वादकाचा उजवा हात झटक्याने तारांवर उतरतो आणि सूर उमटतो न उमटतो तोच डाव्या हाताची बोटे तारांवरची पकड सैल करतात. सूर तिथेच तुटतो आणि 'चक्' असा कोरडा ठोका तेवढा उरतो. चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी अशी तोडलेली असते. टेबलावर वाजवून दाखवते: धुम्-चक्, धुम्-चक्. फ्रेंच वादक याला 'ला पाँप', म्हणजे पंप, म्हणतात.

ही पद्धत मानूश लोकांची, म्हणजे फ्रान्समधील भटक्या रोमा समाजाची. त्यांच्यातला गिटारवादक जँगो राइनहार्ट कोवळ्या वयातच पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवादकांना बँजोची साथ करत असे. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांनी त्याने वादनाची नवी रीत घडवली आणि १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह जो पाच जणांचा संच उभारला, त्यात तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक डबल बास होते. ड्रम नव्हताच, त्याचे काम गिटारच करत असे.

ज्या अकॉर्डियनला जँगो साथ करत असे, त्याचे आपल्याशी जवळचे नाते आहे. भात्याची हवा धातूच्या पट्ट्यांना कंप देते, हे तत्त्व आपल्या पेटीचेही आहे. हार्मोनियमचे पेटंटसुद्धा १८४० च्या दशकात पॅरिसमध्येच घेतले गेले.

झाझ २००६ मध्ये पॅरिसला आली. जराशी फुटलेल्या, खरखरीत आवाजाची गायिका हवी, अशी जाहिरात वाचून ती गीतकार-निर्माते केरेदीन सोल्तानी यांच्याकडे गेली आणि त्यातून पुढे 'ज व्हो' घडले. दरम्यान माँमार्त्रच्या टेकडीवर, चित्रकारांनी गजबजलेल्या चौकाच्या परिसरात, ती उघड्यावर गात होती. रस्त्यावर श्रोता बसलेला नसतो, चालत असतो. त्याला थांबवायचे तर आवाज पहिल्या ओळीपासूनच भिडावा लागतो आणि साज खांद्यावरून नेता येईल इतकाच ठेवावा लागतो. तिच्या गायकीतला थेटपणा मला या सवयीतून आलेला वाटतो.

विख्यात फ्रेंच गायिका एदित पियाफ हिलाही १९३५ साली एका क्लबमालकाने पॅरिसच्या रस्त्यावर गातानाच हेरले होते. पियाफने १९४६ मध्ये गायलेले 'दाँ मा र्यु', म्हणजे 'माझ्या रस्त्यावर', हे गाणे झाझने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये घेतले. जुन्या माँमार्त्रच्या एका कोपऱ्यात राहणारी, रोज रात्री दारू पिऊन येणाऱ्या बापाची मुलगी त्यात आपली कहाणी सांगते. ही निवड मला फार मोलाची वाटते, कारण रस्त्याची झगमग सोडून त्याचे दुःखही झाझने जवळ केले.

२०१४ च्या 'पारी', म्हणजे 'पॅरिस', या अल्बममधील काही गाणी अमेरिकी संगीतकार-निर्माते क्विन्सी जोन्स यांच्या निर्मितीखाली मोठ्या वाद्यवृंदासह झाली. ती देखणी आहेत, तरी मी पुन्हा पुन्हा ऐकते ते 'ज व्हो'च. त्यात एका जागी झाझ शब्द सोडून तोंडानेच पिपाणीसारखा आवाज काढते. तिथे गळ्यावरचे लक्ष क्षणभर काढून गिटारकडे द्या: खालचा 'चक्' आपली दुसरी आणि चौथी मात्रा सोडत नाही.