कोर्टाच्या तारखेला कोण जाणार?

(दृश्य: जुलैचा पाऊस. चिखलणी झालेली बांधी, म्हणजे धानाचं शेत. बांधावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या.)

पऱ्हे चोवीस दिवसांचे झाले. महिना उलटला की ते जून होतात, रोवल्यावर फुटवे कमी धरतात. ही बांधी वनहक्काच्या कामात राबणाऱ्या एका कार्यकर्त्याची आहे. तो आज कोठडीत असो की नागपूरच्या दवाखान्यात, रोवणी याच आठवड्यात व्हायला हवी.

एकराला दहा-बारा बाया, पऱ्हे उपटून जुड्या टाकायला दोन गडी, एक पूर्ण दिवस. गडचिरोलीतल्या कोरची, कुरखेडा, धानोऱ्याकडच्या गावांत माणसं कमी नसतात. चूक होते ती क्रमात. ‘आपापलं आटोपलं की त्याचं करू’ असं सगळेच म्हणतात, आणि सगळ्यांचं आटोपेपर्यंत पऱ्हे गुडघ्याला लागतात. म्हणून त्याची बांधी पाळीत तिसरी-चौथी घ्यायची, शेवटी नाही. ज्या घरावर संकट आलं, त्याला गावाचा आधार आधी इथे दिसतो, भाषणं नंतर.

(दृश्य: ठाण्याबाहेरचा रस्ता. छत्र्या. दोन बाया, एक तरुण.)

पोलिसांनी कुणाला नेल्याची खबर आली की तिघांनी निघायचं. गर्दी नको. एकाने आत बोलायचं, एकाने वेळ आणि अधिकाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, एकाने घरी निरोप पोचवायचा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं बंधनकारक आहे. हे चोवीस तास मोजायचे कुठून, ते वहीतली वेळ सांगते. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि सगळ्या महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत विधी सेवेचा हक्क आहे. हेल्पलाईन १५१००.

आणि गोळ्या! आपल्या भागात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत. रोजच्या गोळ्या आणि भरपूर पाणी चुकलं तर त्या माणसाला असह्य दुखणं उठू शकतं. औषधाची चिठ्ठी आणि तपासणीचा कागद पहिल्याच फेरीत न्यायचा.

जामीन मंजूर होतो आणि माणूस तरी आतच राहतो, असं घडतं. कारण सातबारा अजून मेलेल्या आज्याच्या नावावर. वारसनोंद झालेली नाही, म्हणून जामीनदार चालत नाही. पावसाळ्याआधीच, कुठलंही संकट नसताना, गावातल्या चार-पाच जणांनी आपले फेरफार करून, चालू सातबारा, आधार आणि घरपट्टीची पावती एका पाकिटात ठेवली तर ऐपतीच्या दाखल्यापर्यंतचं धावणं कितीतरी कमी होतं.

(दृश्य: पत्र्याची पेटी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फायली.)

या पेटीत गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलाचा हक्क मिळाला, त्यामागे अशाच कागदांची वर्षानुवर्षांची जुळवाजुळव होती. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीचा निर्णय विरोधात गेला तर जिल्हा समितीकडे जायला साठ दिवस असतात. फाईल एकाच कार्यकर्त्याच्या घरी, आणि तोच आजारी. साठ दिवस असेच जातात. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला, २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. अशा पंधरवड्यात कुणाच्या माळ्यावर कागद शोधत बसायला वेळ नसतो. पेटी गावात, एक झेरॉक्स संच शेजारच्या गावात, फोटो दोन फोनमध्ये.

पैशाचंही तसंच. ग्रामसभेच्या खात्यावर तेंदूपत्त्याचे पैसे पडून असतात, पण सही करणाऱ्या दोघांपैकी एक तुरुंगात गेलेला. तीन नावं ठेवा, कुठल्याही दोघांची सही चालेल असा ठराव बँकेला द्या. आणि मदतीचा प्रत्येक रुपया वहीत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवायचा. हिशेबाची कुजबूज सुरू झाली की माणसं त्या घराकडे जायची थांबतात.

(दृश्य: अंगण. चुलीचा धूर. शाळेचा गणवेश वाळत घातलेला.)

पहिल्या आठवड्यात अटक झालेल्या कार्यकर्त्याच्या या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या महिन्यात कोर्टाच्या तारखेला त्याची बायको एकटीच एसटीच्या थांब्यावर उभी राहते, कडेवर लेकरू. आमच्या मते कार्यकर्त्यांचं घर इथेच खचतं. पोलिसांच्या गाडीपेक्षा ही सकाळ जास्त जड. तारखा लांबतात, कधी वर्ष, कधी तीन वर्षं. म्हणून मदतीची यादी पहिल्या आठवड्यासाठी नको, तारखांसाठी हवी. प्रत्येक तारखेला दोन नावं, दोघांचं भाडं ग्रामकोषातून, शिदोरी ज्याच्या घरची पाळी त्याच्याकडून. लेकरू शेजारी राहील, तेही आधीच ठरलेलं.

(दृश्य: समाजमंदिराची भिंत. खडूने लिहिलेली तारीख. खाली एक नाव आहे, दुसऱ्या नावाची जागा रिकामी. एक बाई पुढे येते, खडू उचलते.)