ओत्रांतोची फरशी

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाच्या टाचेवर, समुद्राला अगदी खेटून, ओत्रांतो नावाचं छोटं गाव वसलंय. इटलीतलं सर्वांत पूर्वेचं गाव. हवा स्वच्छ असली की समुद्रापलीकडे, सत्तरेक किलोमीटरवरचे अल्बानियाचे डोंगर इथून दिसतात.

तटबंदीतल्या अरुंद बोळांतून चढत गेलं की कॅथेड्रल, म्हणजे गावाचं मुख्य चर्च, लागतं. उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांच्या राजवटीतलं, १०८८ साली त्याचं अर्पण झालं. आत पाऊल टाकलं की आधी पायाखाली बघा. दारापासून थेट वेदीपर्यंत फरशीवर एक प्रचंड झाड पसरलंय. दगडाचे बारीक बारीक रंगीत तुकडे जुळवून ११६३ ते ११६५ या काळात पान्तालेओने नावाच्या धर्मगुरूने ते घडवून घेतलं.

आणि हे झाड कशावर उभं आहे माहीत आहे? हत्तींवर! दोन हत्तींनी बुंधा पाठीवर तोलून धरलाय. हत्तीच्या देशातून आलेल्या माणसाला ते बघताना काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. मला तर तिथून हलवेना.

फांद्यांमध्ये बायबलमधली नोहाची नौका आहे, बाबेलचा मनोरा आहे. सिकंदर दोन पंखवाल्या प्राण्यांच्या आधाराने आकाशात निघालाय. ब्रिटनच्या दंतकथांमधला आर्थर राजा शिंगं असलेल्या, बोकडासारख्या जनावरावर स्वार झालाय. बारा महिन्यांची बारा वर्तुळं आहेत, प्रत्येकात त्या महिन्याची रास आणि त्या महिन्याचं काम. कुणी पीक कापतंय, कुणी द्राक्षं तुडवतंय, कुणी विस्तवाशी शेकत बसलंय. राजे आणि शेतकरी एकाच झाडावर, हे मला फार मोलाचं वाटतं.

या फरशीने वाईट दिवसही पाहिले. १४८० च्या जुलैअखेर उस्मानी तुर्कांचं आरमार किनाऱ्याला लागलं आणि पंधरा दिवसांतच गाव पडलं. जवळच्या मिनर्वा टेकडीवर सुमारे ८०० पुरुषांचा शिरच्छेद झाला. त्यांनी धर्म बदलायला नकार दिला, असं चर्चची परंपरा सांगते. त्यांच्या कवट्या आणि हाडं कॅथेड्रलमध्येच काचेमागे रचून ठेवली आहेत. तिथे उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. पुढच्याच वर्षी गाव परत मिळालं, आणि नंतर किल्ला नव्याने, अधिक भक्कम बांधला गेला.

कॅथेड्रलच्या खालचं तळघरही चुकवू नका. तिथे चाळीसहून जास्त खांबांचं रानच आहे. गावात सान पिएत्रो हे बायझँटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, घडणीचं इवलंसं देऊळवजा चर्च आहे, त्याच्या भिंतींवर जुनी रंगचित्रं अजून टिकून आहेत.

पण मी पुन्हा फरशीकडेच वळते. तिच्यात लॅटिन अक्षरं बसवली आहेत. आर्चबिशप योनाथाच्या दानातून हे काम झालं, असं ती सांगतात. आणि ते झालं पान्तालेओनेच्या उजव्या हाताने.