ओढ्याने उजळलेलं घर

(दृश्य : लोखंडी पूल, खाली ओढा. पाण्याचा आवाज.)

या पुलावर उभं राहून वर पाहिलं की घर असं दिसतं. कड्याला पाठ टेकून उभं, उतरत्या छपरांचं, उंच धुरांड्यांचं. येणारा प्रत्येक जण इथे थांबतो आणि वर बघतो. आपण मात्र आधी खाली बघू या. पुलाखालून वाहतोय तो डेबडनचा ओढा. पावसाळ्यात बोरघाटात वळणावळणाला लागतात, तेवढाच. वरच्या त्या घराचं नाव क्रॅगसाइड, आणि त्याची गोष्ट या ओढ्याची आहे.

इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलँड परगणा आणि त्यात रॉथबरी नावाचं छोटं गाव. जून महिना. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं पंधरा दिवसांची सुट्टी काढून आलो होतो. नवऱ्याला किल्ले बघायचे होते, मला हे घर. मी खोपोलीची. डोंगरावरून उतरणाऱ्या टाटांच्या पाइपलाइनी बघत मोठी झाले. पाण्यावर तयार केलेल्या विजेने उजळलेलं जगातलं पहिलं घर इतक्या जवळ असताना ते न बघता परतणं मला जमलं नसतं.

(दृश्य : टंबलटन तलाव, बांधाची भिंत. कॅमेरा हळूहळू खाली.)

घराचे मालक विल्यम आर्मस्ट्राँग. जन्म 1810, गाव न्यूकॅसल. शिक्षण वकिलीचं, पण जीव यंत्रांत. ऐन पंचविशीत ते डेंटडेलच्या खोऱ्यात गळ टाकून मासे धरत बसले होते, तेव्हा समोर फिरणाऱ्या पाणचक्कीवर नजर खिळली. पाणी इतक्या उंचीवरून येतंय, आणि त्याच्या जोरातला विसावा हिस्साच कामी येतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाकीचं सगळं नुसतं वाहून चाललंय. तिथून पुढे आयुष्यभर त्यांनी त्या वाहून जाणाऱ्या जोराचा पाठलाग केला. न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबाने चालणारी क्रेन उभी केली, 1847 साली न्यूकॅसलजवळ एल्स्विकला कारखाना काढला. टाइन नदीवरचा फिरता पूल, जो आदल्या दिवशी आम्ही पाहिला, तोही त्यांच्याच कारखान्याचा, 1876चा. त्याच कारखान्याने तोफा केल्या, युद्धनौका केल्या, आणि या घराचा पैसा मोठ्या प्रमाणात तिथूनही आला.

1863 साली त्यांनी इथे सुट्टीपुरतं लहानसं घर बांधायला घेतलं. त्याच वर्षी न्यूकॅसलमध्ये भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी हिशेब मांडला : खप असाच वाढत गेला तर इंग्लंडचा कोळसा 212 वर्षांत संपेल. समोर बसलेल्या शहराची सगळी श्रीमंती कोळशाची होती. अशा सभेत उभं राहून हे बोलायला छाती लागते.

(दृश्य : तलावाखालचं पंपघर. आतलं यंत्र जवळून.)

आता हे नीट बघा. ओढा अडवून हा टंबलटन तलाव केला. त्याचं पाणी पाइपातून खाली या दगडी पंपघरात येतं. इथलं यंत्र त्या येणाऱ्या पाण्याच्याच दाबावर चालायचं आणि त्यातलं थोडं पाणी घराच्याही वरच्या टाकीत चढवायचं. ना कोळसा, ना वाफ. टाकी उंचावर, त्यामुळे घरात उतरणाऱ्या पाण्याला जबरदस्त दाब. तो दाब नळाला तर मिळालाच, शिवाय घरातली कामंही त्यावर चालली.

(दृश्य : स्वयंपाकघर. सळई, भट्टी, तांब्याची भांडी.)

हे स्वयंपाकघर. भट्टीसमोरची ही लांब सळई मांस भाजण्यासाठी. एरवी अशा घरात ती फिरवायला एक पोरगा तासन् तास आगीसमोर बसवलेला असे. इथे सळई पाण्यावर फिरे. जेवण वर चढवायचा छोटा पाळणा पाण्यावर. आणि ही लिफ्ट, तीही पाण्यावर. ती प्रामुख्याने नोकरांसाठी होती, वरच्या मजल्यांवरच्या शेकोट्यांना कोळसा पोचवण्यासाठी. कोळशाच्या जड बादल्या घेऊन जिने चढणं ज्यांचं वाचलं, त्यांची नावं इथे कुठे दिसत नाहीत, पण लिफ्ट आहे.

(दृश्य : वाचनालय. खिडकीतून उजेड. मग चार दिव्यांवर कॅमेरा.)

विजेची सुरुवात 1878 साली झाली. ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरा बांध, तिथे पाण्याच्या जोरावर फिरणारं टर्बाइन आणि त्या फिरण्यातून वीज करणारा डायनॅमो, आणि तिथून मैलभरापेक्षा थोडी कमी लांबीची तार घरापर्यंत. चित्रांच्या दालनात आर्क दिवा लागला, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीचा दिवा. त्याचा प्रकाश प्रखर, डोळ्यांत घुसणारा. तेव्हा न्यूकॅसलमध्येच जोसेफ स्वॉन काचेच्या फुग्यातला मऊ उजेडाचा दिवा घडवत होते. 1880च्या डिसेंबरात त्यांचे 45 दिवे या घरात बसले.

त्यातले चार या वाचनालयात आहेत. तांब्यावर मिन्याचं काम केलेल्या या फुलदाण्या बघा. प्रत्येकीच्या वर एक दिवा. फुलदाणी पाऱ्याच्या लहानशा वाटीत उभी. तांबं आणि पारा यांच्यातून वीज फिरते. दिवा मालवायचा तर बटण नव्हतंच; फुलदाणी अलगद उचलायची. ठेवली की पुन्हा उजेड. नवऱ्याने चारही फुलदाण्या पुन्हा पुन्हा टिपल्यात. त्यातली एकही चौकट मी कापली नाही.

1881च्या जानेवारीत आर्मस्ट्राँग यांनी एका अभियांत्रिकी पत्रिकेला पत्र लिहून ही सगळी मांडणी सांगितली. त्यात म्हटलं की घर खरं तर ओढाच उजळतो, आणि या सगळ्यात कुठलीही वस्तू खर्ची पडत नाही.

पाणी येतं, फिरवतं आणि पुन्हा ओढ्यात जातं.

(दृश्य : ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी भरलेला उतार. खडकांतून उतरणारी पायवाट.)

बाहेरचा हा फुलांचा उतार, हे देवदार, हे पाइन, काहीच मूळचं नाही. इथे उघडा माळ होता. आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी इथे सत्तर लाखांहून जास्त झाडं-झुडपं लावून घेतली. पाच तलाव केले. घरही वाढत गेलं, नॉर्मन शॉ या वास्तुकाराच्या हातून. 1884 साली युवराज इथे राहून गेले. पुढे 1886 साली खोऱ्यात आणखी मोठं वीजघर झालं, बर्नफूटला, शंभरेक मीटरच्या उतारावर.

(दृश्य : खोपोली. घाटातून उतरणाऱ्या पाइपलाइनी. पाऊस.)

हे चित्रण घरी परतल्यावरचं. लोणावळ्याजवळच्या वळवण धरणाचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली उतरतं, वीज करतं आणि पाताळगंगेला मिळतं. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोचली, तोवर गिरण्या कोळशाच्या धुरात चालत होत्या. पुढे टाटांच्याच मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, 1921 साली सत्याग्रह झाला. मी शाळेत असताना यातलं काही आम्हाला पाइपांकडे बोट दाखवून कुणी शिकवलं नाही. क्रॅगसाइडला लहान मुलं रांगेत उभी राहून टर्बाइन बघतात. हे आपल्याकडे व्हावं, पॉवरहाउसच्या गावात, पाइपांच्या पायथ्याशी, म्हणून हा व्हिडिओ केला.

(दृश्य : पुन्हा टंबलटन तलाव. फिरणारा मोठा स्क्रू.)

1977 साली हे घर नॅशनल ट्रस्टकडे, जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, आलं. 2014 साली ट्रस्टने तलावाच्या पायथ्याशी हा 17 मीटर लांबीचा आर्किमिडीजचा स्क्रू बसवला. पाणी वरून येतं, पात्यांवर बसतं, आपल्या वजनाने स्क्रू फिरवत खाली उतरतं. ओढा तोच. घरातल्या दिव्यांसाठी वीज पुन्हा त्याचीच.

घरातलं चित्रण संपवून आम्ही इथे येऊन बसलो. शेवटची बस सुटायला तासभर होता.

(इथून पुढे निवेदन नाही. स्क्रूचा आवाज. कठड्यावर आम्ही दोघं, पाठमोरे. मग घराच्या खिडकीत एक दिवा.)