बांगड्याचा ठसा आणि पिंगुळीची पोथी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला की आपल्या किनारपट्टीवरची घरं भरतात. मुंबईहून चाकरमानी येतात, त्यांची मुलं येतात, आणि गावातली मुलं तर मोकळीच असतात. सकाळी आंबे, मग रानात करवंदं-जांभळं, संध्याकाळी समुद्र. तरीही दुपारचे दोन-तीन तास असे उरतात की ऊन बाहेर पाऊल टाकू देत नाही आणि हातातला मोबाइल खाली ठेववत नाही. या तासांसाठी आता गावोगावी उन्हाळी वर्ग निघालेत. मी चित्रकला शिकवते. वेंगुर्ल्याच्या बाजूला, एका शाळेच्या पडवीत मी असाच एक वर्ग घेते. त्यात मुलांना जपानी कलांची ओळख करून देते, जुन्याही आणि आजच्याही. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

पहिला प्रश्न नेहमी पालकांचा येतो. जपान कशाला? आपल्याकडे काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मी ज्या कला निवडते, त्या मासेमारांच्या, कागदाच्या आणि गल्लीत गोष्टी सांगत फिरणाऱ्यांच्या आहेत. आपल्या मुलांना त्या पाच मिनिटांत जवळच्या वाटतात. आणि त्या शिकता शिकता मुलं पिंगुळीला पोचतात, सावंतवाडीला पोचतात. ते कसं, ते पुढे सांगेनच. एक मात्र आधीच स्पष्ट करते. मुलांना कागदी किमोनो घालायचे, हातात पंखा द्यायचा आणि फोटो काढून घरी पाठवायचं, असला वर्ग मी घेत नाही. त्यात मुलाच्या हाताला काहीच लागत नाही.

सुरुवात करते माशापासून. जपानमध्ये ग्योताकू नावाची कला आहे. माशाला शाई लावायची, त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि माशाचा ठसा उमटवायचा. कॅमेरे घरोघर नव्हते तेव्हा पकडलेला मासा केवढा होता याची ही नोंद असे. आज माहीत असलेला सर्वांत जुना ठसा १८३९ सालचा आहे, शोनाई संस्थानातला. म्हणजे आजचा यामागाता प्रांत. तिथले सामुराई गळ टाकून मासेमारी करायचे आणि मोठा मासा मिळाला की त्याचा ठसा घ्यायचे.

आमच्या वर्गात सकाळच्या बाजारातून बांगडे येतात, आणि कोणाच्या घरून एखादी तांबोशी. ठसा घ्यायला तांबोशी बरी, तिची खवलं मोठी असतात. पण शिकायला बांगडाच. आधी मीठ चोळून मासा धुवायचा, कारण अंगावरचा बुळबुळीतपणा राहिला तर शाई धरत नाही. मग फडक्याने कोरडा टिपायचा. कल्ल्यात आणि तोंडात कागदाचे बोळे घालायचे, नाहीतर ओल बाहेर येऊन कागद खराब होतो. मातीच्या पाटावर मासा ठेवून त्याचे पर टाचण्यांनी उघडून बसवायचे. मग शाई, अगदी पातळ थर. त्यावर पतंगाचा कागद ठेवायचा आणि बोटांनी हलके हलके दाबत जायचं. घाई केली की कागद सरकतो आणि ठसा दुहेरी येतो.

कागद उचलला की पडवीत गलका होतो. गेल्या वर्गात एक मुलगी ठशाकडे बराच वेळ बघत होती. म्हणाली, "बाईंनू, हेचो डोळो खंय गेलो?" डोळा ओला असतो, तो नीट उमटत नाही. जपानमध्येही तो नंतर कुंचल्याने काढतात. मग तिने खरा बांगडा जवळ घेतला, त्याचा डोळा पाहिला आणि काढला. डोळा काढताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. बांगड्याच्या पाठीवर, शेपटीकडे जाताना, छोटे छोटे सुटे पर असतात. वर पाच, खाली पाच. जन्मापासून बांगड्याचं तिखलं खाल्लेल्या त्या पोरीने ते मोजले पहिल्यांदाच. मग सगळा वर्ग आपापल्या ठशावर ते मोजत बसला.

एक सूचना, घरी करून बघणार असाल तर. बाजारातली रंगपेटीची शाई लावलेला मासा खायचा नाही. आम्ही तो माडाच्या बुंध्याशी पुरतो, माडाला खत होतं. मासा खायचाच असेल तर माकुलाची, म्हणजे स्क्विडची, शाई वापरा. माकुल साफ करताना तिची पिशवी अलगद काढली की तीच शाई. रंग जरा तपकिरीकडे झुकतो, पण ठसा सुरेख येतो.

माशानंतर समुद्र. कात्सुशिका होकुसाईची लाट तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. निळी, फेसाची नखं असलेली, आणि मागे इवलासा फुजी पर्वत. १८३१च्या सुमाराचं, लाकडी ठशांवरून छापलेलं चित्र. होकुसाई तेव्हा सत्तरीचा होता. त्यातला गडद निळा युरोपातून आलेला, प्रशियन निळा. हे चित्र शहरातल्या मुलांपुढे ठेवलं की ती लाट बघतात आणि डोंगर बघतात. आमच्याकडे रापणीवर जाणाऱ्यांची मुलं आहेत. त्यांनी आधी होड्या पाहिल्या. तीन आहेत. वल्हेकरी वाकून होडीला चिकटून बसलेत हे त्यांनी दाखवलं. ताजी मासळी एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या बाजारात वेगाने पोचवणाऱ्या होड्या त्या. हे मी सांगितल्यावर एक मुलगा लगेच म्हणाला, मग परत येताना रिकाम्या असणार. चित्रावर इतकं सरळ बोलणं मी मोठ्यांच्या प्रदर्शनातही क्वचित ऐकलंय.

ओरिगामी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. करकोचा सगळे शिकवतात, आम्हीही शिकवतो. हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्टही सांगतो. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे आजारी पडलेली ही मुलगी कागदाचे करकोचे करत राहिली आणि १९५५ मध्ये, बारा वर्षांची असताना गेली. मुलं ती गोष्ट गंभीरपणे ऐकतात, तिथे मी मध्ये बोलत नाही. पण मला ओरिगामीतलं गणित फार आवडतं. कुठलीही सपाट मिटणारी वस्तू घ्या, आपली पावसाळ्यातली साधी होडीसुद्धा चालेल. ती उलगडा. आतल्या एका बिंदूपाशी भेटणाऱ्या घड्या मोजा. मिटवल्यावर खरोखर कामाला येतात तेवढ्याच. डोंगरासारख्या वर आलेल्या वेगळ्या, दरीसारख्या आत गेलेल्या वेगळ्या. दोन्हींतला फरक दोनच येतो. प्रत्येक वेळी. मुलं माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि दहा-दहा बिंदू मोजून बघतात, तेच मला हवं असतं. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक महत्त्वाचं पुस्तक १८९३ साली मद्रासमध्ये छापलं गेलं, टी. सुंदर राव यांचं, हेही मी त्यांना आवर्जून सांगते. आणि कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाच्या नावाची घडी अंतराळयानाच्या सौर पंखासाठी वापरली गेली, हेही.

आता माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याच्या भागाकडे येते.

जपानमध्ये १९३०च्या सुमाराला कामिशिबाईवाले फिरू लागले. सायकलच्या मागे एक लाकडी पेटी, नाटकाच्या रंगमंचासारखी. गल्लीच्या तोंडाशी सायकल लावायची, दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटायच्या. आवाज ऐकला की मुलं धावत यायची. आधी गोळ्या-मिठाई विकायची, तीच त्याची कमाई. मग पेटीची दारं उघडायची आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायची. गोष्ट नेमकी रंगात आली की, उर्वरित उद्या.

त्या पेटीची रचना मुलांना नीट समजावून द्यावी लागते. समोरच्या मुलांना पहिलं चित्र दिसतं, पण त्याचा मजकूर सर्वांत शेवटच्या चित्राच्या पाठीवर लिहिलेला असतो, कारण सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेवटच्या चित्राचीच पाठ असते. पहिलं चित्र बाजूने ओढून मागे घातलं की त्याची पाठ सांगणाऱ्यापुढे येते, आणि तिच्यावर दुसऱ्या चित्राचा मजकूर. आणि ओढण्यात तर खरी गंमत. अर्धंच ओढून थांबायचं, पुढच्या चित्रातला हात फक्त दिसू द्यायचा. किंवा झटकन ओढायचं. आमच्या मुलांनी पेटी केली ती हापूसच्या खोक्याच्या फळ्यांची.

हे सगळं शिकून झालं की मी मुलांना कुडाळजवळ पिंगुळीला नेते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. कागदावर रंगवलेली चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेचा सगळा संच म्हणजे एक पोथी. मागे बसलेला कलाकार एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. सावंतवाडीच्या राजांचा या कलेला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या अंगणात उभं राहिलेलं संग्रहालय, त्यातल्या चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या, हे सगळं बघताना मुलं गप्प होतात. आणि मग प्रश्न सुरू होतात. इथे पेटी का नाही? इथे गातात, जपानमध्ये बोलतात, असं का? कामिशिबाई हाताने करून आलेलं मूल चित्रकथीकडे कारागिराच्या नजरेने बघतं. नुसतीच सहल नेली तर ते बाहुल्यांसमोर फोटो काढतं आणि परत येतं. दोन्ही प्रकारे नेऊन पाहिलंय, म्हणून खात्रीने सांगते.

आजच्या जपानकडे जायची वाटही याच पेटीतून निघते. मुलांना मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आणि अॅनिमे, म्हणजे तिथले कार्टूनपट, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. पण टीव्ही आला आणि कामिशिबाई ओसरली, तेव्हा पेटीसाठी चित्रं काढणारे काही चित्रकार मांगाकडे वळले, हे त्यांना ठाऊक नसतं. शिगेरू मिझुकी हे त्यांतले एक. युद्धात डावा हात गमावलेला हा माणूस उरलेल्या एका हाताने जन्मभर भुतं काढत राहिला. सकाईमिनातो या मासेमारीच्या बंदरात तो वाढला. लहानपणी एका म्हातारीने त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या, त्या त्याने पुढे मांगात आणल्या. आज त्या गावातल्या रस्त्यावर त्याच्या भुतांचे शंभरांहून अधिक ब्राँझचे पुतळे उभे आहेत.

मासेमारीचं बंदर, म्हातारी, भुतं. मंडळी, आपल्या मुलांना याहून वेगळं काय लागतं? जपानी पाणभूत म्हणजे कप्पा. त्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेला खळगा असतो. आपण वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, पाणी सांडतं आणि त्याची ताकद जाते. ही गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आता आपल्या खाडीतला गिऱ्हा काढा. खांद्यावर कांबळं टाकून रात्री गावाची राखण करणारा देवचार काढा. मुंबईच्या मुलांना हे कोणीच माहीत नव्हते. ती संध्याकाळी आज्यांना विचारून आली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हा कसा दिसतो यावर पडवीत जोरदार वाद झाला, कारण प्रत्येकीच्या आजीचा गिऱ्हा निराळा होता. मी सांगितलं, सगळे काढा. मांगाच्या चौकटींत, मोठ्या डोळ्यांचे, हवे तसे काढा.

सावंतवाडीच्या गंजिफ्यालाही, म्हणजे तिथल्या रंगवलेल्या पत्त्यांनाही, असाच भाऊ आहे. आपला दशावतारी गंजिफा गोल, १२० पानांचा. जपानचा हानाफुदा ४८ पानांचा, बारा महिने, दर महिन्याला चार पानं, त्यांवर त्या ऋतूतली फुलं-झाडं. क्योतोमध्ये १८८९ साली असेच पत्ते बनवायला सुरू झालेली कंपनी म्हणजे आजची निन्टेन्डो, व्हिडिओ गेमवाली. हे ऐकल्यावर मुलांनी कोकणाचे पत्ते करायला घेतले. वैशाखाच्या पानांवर आंबा, रतांबा, फणस आणि सुरंगीचा वळेसर आला. सुरंगी खरी त्याच्या आधीची, पण वळेसर सोडायला कोणी तयार होईना.

तुमच्या गावात असा वर्ग काढायचा असेल तर मोठा खर्च नाही. तयार संचांच्या रंगीत पेट्या मिळतात, त्या घेऊ नका. रद्दी, पतंगाचा कागद, काळी शाई, चिकटवायला खळ आणि आंब्याचं रिकामं खोकं पुरतं. माशाचे ठसे मे महिन्यातच उरका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पाऊस सुरू झाला की कागद वाळत नाहीत, दोरीवर लावलेल्या ठशांना बुरशी धरते. शेवटच्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मुलांना पेटी लावू द्या, गिऱ्ह्याची गोष्ट सांगू द्या. त्यांच्या आधी चित्रकथीचा प्रयोग ठेवा. त्यासाठी पिंगुळीच्या कलाकारांना बोलवाल तेव्हा मानधन किती ते आधी विचारा, गाडीभाडं वेगळं धरा, आणि वर्गाची वर्गणी ठरवताना तो आकडा सर्वांत वर लिहा. रंग-कागदाचा हिशेब त्याच्याखाली.

नमस्कार.