लेहरा धरणारं यंत्र

तबल्याच्या एकलवादनाला हार्मोनियमवर लेहरा धरणारा माणूस असतो ना, त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. तासभर तो एकच ओळ वाजवतो. तीनतालाच्या सोळा मात्रांची, ना मुरकी, ना पलटा. तबलेवाला कायदा मांडतो, रेला सोडतो, टाळ्या घेतो. लेहरेवाला आपली ओळ पुन्हा समेवर आणून ठेवतो. मी बडोद्यात कितीतरी वर्षं अशी ओळ धरून बसलो आहे. म्हणूनच मँचेस्टरच्या एका नाचाच्या गाण्यावर बोलायला आज तुमच्यासमोर उभा राहिलो तेव्हा ते गाणं मला परकं वाटलं नाही.

गाणं न्यू ऑर्डर या बँडचं, 'ब्लू मंडे'. मार्च १९८३ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने ते बारा इंची तबकडीवर काढलं. लांबी जवळजवळ साडेसात मिनिटं. रेडिओवर तीन-चार मिनिटांची गाणी चालायची त्या काळात हे केवढं मोठं धाडस! ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते त्याच वर्षी नवव्या क्रमांकापर्यंत गेलं, १९८८ च्या नव्या मिश्रणात तिसऱ्यापर्यंत. तिथं बारा इंची सिंगल तबकड्यांमध्ये सर्वाधिक खपलेली म्हणून आजही हिचंच नाव घेतात. २०१९ च्या डिसेंबरात हॉलिवूडच्या एका मोठ्या चित्रपटाचा ट्रेलर आला, त्याखाली हीच धून होती. तो बघणारी कितीतरी मुलं गाणं निघालं तेव्हा जन्मलीही नव्हती.

हे टिकलं कसं? चाल गोड आहे म्हणावं, तर ती तशी गोड नाही. गाणारा बर्नार्ड समनर आवाज चढवत नाही, आळवत नाही. सपाट, थोडा दुखावलेला स्वर. मला असं वागवताना तुला काय वाटतं, एवढंच तो विचारतो आणि उत्तराची वाट न बघता बाजूला होतो. त्याच्या मागे दुःख आहे, हे खरं. ही मंडळी आधी जॉय डिव्हिजन नावानं वाजवायची. त्यांचा गायक इयान कर्टिस यानं १८ मे १९८० ला आत्महत्या केली. राहिलेल्या तिघांनी नाव बदललं, गिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली. पण नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातलं काही ठाऊक नसतं, आणि त्यांचं काही अडतही नाही.

माझं उत्तर लेहऱ्यातच आहे. गाणं सुरू होतं ते ड्रम मशीनच्या ठोक्यांनी. काही सुटे, जड ठोके. मग त्यांच्या मागून एकदम धावत येणारी रांग. तबल्याच्या भाषेत बोलायचं तर ठाय, म्हणजे संथ लय, आणि चौगुन, म्हणजे तिची चौपट, एकाच आवर्तनात शेजारी बसवलेली. त्यावर एकेक थर येतो. मूग सिंथेसायझरचा खर्ज, पीटर हुकच्या बास गिटारची वरच्या पट्टीतली ओळ, क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या एका जुन्या गाण्यातून उचललेला समूहस्वर. शब्द येतात दोन मिनिटं उलटून गेल्यावर. त्या दोन मिनिटांत कोणी काही सांगत नाही, नुसती जागा तयार होते. त्या जागेत पाय टाकायचा तो नाचणाऱ्यानं. त्या वादकवृंदातले सगळेच लेहरा धरून बसले आहेत आणि एकलवादन आहे ते समोरच्या माणसाचं! दर पिढीत माणूस नवा येतो, म्हणून वादन नवं होतं. ओळ मात्र तीच.

त्या मंडळींनी नंतर सांगितलंय, की कार्यक्रम संपल्यावर 'अजून एक' म्हणून रसिक थांबायचे, ते त्यांना आवडत नसे. बटण दाबून निघून जावं आणि यंत्रानंच वाजवावं, अशी कल्पना होती. मला ही आळसाची कल्पना वाटत नाही. वाजवणारा बाजूला झाला तरी नाच थांबू नये, एवढा भरवसा त्यात आहे.

आणि ते यंत्र तरी कसलं होतं! सीक्वेन्सर, म्हणजे भरलेले स्वर ओळीनं वाजवणारं यंत्र, समनरनं सुटे भाग जोडून बनवलेला. त्यात एकेक स्वर हातानं भरावा लागायचा. ते काम गिलियनचं. तिनं सगळी रचना कागदावर लिहून काढली, कागदाला कागद चिकटवले, पट्टी स्टुडिओच्या लांबीएवढी झाली. भरताना एक स्वर सुटला, आणि सिंथची ती ओळ ठेक्यापासून जराशी सरकली. तशीच राहिली. ऐकताना कान त्या ओळीला ठेक्यावर आणून बसवायला बघतो, ती बसत नाही. मग कान पुढच्या आवर्तनात पुन्हा प्रयत्न करतो. लेहऱ्यात एक मात्रा इकडची तिकडे झाली की तबलेवाला कसा सावध होतो, ते मी जवळून पाहिलं आहे. इथं तो सावधपणा साडेसात मिनिटं उतरत नाही.

स्वर कागदावर उतरवणं या गावाला नवं नाही. गवई मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयानं १८८६ मध्ये इथं गायनशाळा काढली आणि चिजा लिहून शिकवायची पद्धत बसवली. गिलियनच्या त्या कागदी पट्टीबद्दल वाचलं तेव्हा मला प्रथम आठवले ते मौलाबक्ष.

आता एक गोष्ट मला मनापासून बोचते. 'ब्लू मंडे'च्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. काम थक्क करणारं आहे. पुढे क्लबातल्या ज्या नाचाच्या संगीताला ॲसिड हाउस म्हणू लागले, त्याच्या खुणा त्यात लोकांना दिसतात. पण तेव्हा ते फारसं कोणी ऐकलं नाही. जगानं दखल घेतली ती २०१० मध्ये ते पुन्हा निघालं तेव्हा. का? त्यांच्याकडे लेहरा होता, मैदान नव्हतं. न्यू ऑर्डरकडे हसियेंडा होतं, मँचेस्टरचा क्लब, मे १९८२ मध्ये उघडलेला, त्यांचा आणि फॅक्टरीचा भागीदारीतला. गाणं टिकायला चांगलं असून भागत नाही, त्याला पाय लागतात.

मैदान म्हणजे काय, हे बडोदेकरांना मी काय सांगू! नवरात्रात फाइन आर्ट्सच्या अंगणात गरबा आठवा. गाणारे, वाजवणारे एका जागी. बाकीचं अख्खं वर्तुळ फिरतंय. हिंचाचा, म्हणजे गरब्याच्या तालाचा, ठेका तोच, टाळी तीच. तिथं कोणी कंटाळलेलं मी पाहिलं नाही. फेरी पूर्ण झाली की आपण जिथून निघालो तिथंच असतो, पण दम वाढलेला असतो, शेजारी बदललेला असतो. आजी, सून आणि नात एकाच ठेक्यात आपापलं पाऊल टाकतात.

आता मी ते गाणं लावतो, पूर्ण. पहिली दोन मिनिटं कोणी बोलू नका. बोटांवर मात्रा मोजा आणि ती सिंथची ओळ आली की तिची सम कुठे पडते ते शोधा. मागच्या रांगेतल्या मुलांनी खुर्च्या भिंतीला लावल्या तरी चालेल.