सलाम न करणारे

(दृश्य: बंद दार. बेल वाजते.)

सुटीची सकाळ. दारात दोघं उभे. इस्त्रीचे कपडे, हातात पातळशी पुस्तिका. "दोन मिनिटं बोलू का?" बहुतेक लोक नको म्हणून दार लावतात. थोडा वैताग, एवढंच.

हे यहोवाचे साक्षीदार. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उगवलेला ख्रिस्ती पंथ. हे सैन्यात जात नाहीत, झेंड्याला वंदन करत नाहीत, मरायची वेळ आली तरी दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत. श्रद्धा टोकाची आहे, यात वाद नाही. पण शस्त्र धरायचं नाही, हेही त्याच श्रद्धेत बसतं.

(दृश्य: पट्ट्यापट्ट्यांचा कैद्याचा सदरा. छातीवर जांभळा त्रिकोण.)

नाझी जर्मनीत त्यांनी 'हाइल हिटलर' म्हणायला नकार दिला. छळछावणीत त्यांची खूण ठरली हा जांभळा त्रिकोण. सुटकेचा मार्गही होता: श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही करा आणि घरी जा. बहुतेकांनी सही केली नाही.

(दृश्य: अमेरिकी शाळेचा जुना वर्ग. मुलांचे हात झेंड्याकडे ताठ.)

त्याच काळात अमेरिकेत याच पंथाची मुलं झेंड्याला सलाम करेनात, म्हणून शाळांनी काढून टाकली. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांची बाजू घेतली, आणि गावोगावी जमावांनी या लोकांना मारहाण केली. नीट बघा, हा सलाम कसा दिसतो? हात पुढे ताणलेला, थेट हिटलरच्या सलामासारखा. अमेरिकेलाही ते खटकलं. डिसेंबर १९४२ मध्ये संसदेने हात छातीवर आणला. पुढच्याच वर्षी, ऐन युद्धात, न्यायालयाने आपला निकाल फिरवला: सक्ती करता येणार नाही.

केरळमध्ये १९८५ साली याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताला ती उभी राहत, पण गात नसत. १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभं राहणं पुरेसं होतं.

मला यात एक गोष्ट दिसते. 'अतिरेकी' हा शिक्का मारताना समाज समोरच्याची श्रद्धा मोजतच नाही. आपल्याला पवित्र काय, तेच तो सांगत असतो. कुठे नेता, कुठे झेंडा, कुठे सैन्य.

आणि कुठे मूल. नॉर्वेने २०२२ मध्ये या पंथाचं सरकारी अनुदान अडवलं. कारण, पंथ सोडणाऱ्यांशी, त्यात अल्पवयीनही आले, नातं तोडण्याची त्यांची रीत. प्रकरण कोर्टात गेलं. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. झेंड्याला हात न उचलण्याने कुणाचं काही जात नाही. इथे पोरगं घरातच परकं होतं.

(दृश्य: रशियातलं ओर्योल शहर.)

रशियाच्या अतिरेकविरोधी कायद्याच्या व्याख्येत आपलाच धर्म श्रेष्ठ असल्याचा प्रचारही येतो. त्यासाठी हिंसा घडावी लागत नाही. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा पंथ 'अतिरेकी' ठरवून बंद केला. पुढच्याच महिन्यात ओर्योलमध्ये प्रार्थनासभा चालू असताना सशस्त्र पोलीस आत शिरले. एका डॅनिश सुताराला अटक झाली.

२०१९ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. जर्मनीत हाच पंथ तेव्हा सरकारमान्य होता.