एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) चांगला आलाय, पण आतडं तपासलं का?

कोलोनोस्कोपी चाललीय, म्हणजे कॅमेरा लावलेली नळी गुदद्वारातून आत घालून आतडं बघणं. स्क्रीनवर हे जे गुलाबी, ओलं, चकचकीत दिसतंय ना, ते मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर आहे, आणि कडेला छोट्या आळंबीसारखं जे उगवलंय तो पॉलिप. दुखत नाही, खुपत नाही, आत आहे हे कळतसुद्धा नाही. पण असे काही पॉलिप वाढत वाढत साधारण 10 वर्षांत कॅन्सर होऊन बसतात, म्हणून आता बघा डॉक्टर काय करतायत, तारेचा फास देठाभोवती टाकला, आवळला, निघाला. संपलं.

आता एड्सचा याच्याशी काय संबंध? 1981 मध्ये एड्सची पहिली नोंद झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं या आजारातले कॅन्सर म्हणजे कापोसी सार्कोमा (यात बहुधा त्वचेवर जांभळट डाग उठतात), लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर आणि बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, एवढंच डोक्यात असायचं. आतड्याच्या कॅन्सरच्या वयापर्यंत माणूस पोचतच नव्हता हो. 1996 च्या सुमाराला तीन-तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि सगळंच बदललं, वेळेवर निदान होऊन रोज न चुकता गोळी घेणारी माणसं आज साठी-सत्तरी गाठतायत, आणि हा कॅन्सर मुळात जास्त करून उतारवयातलाच.

घाबरू नका, एचआयव्ही आहे म्हणजे आतड्याचा कॅन्सर होणारच असं अजिबात नाही, बऱ्याच अभ्यासांत प्रमाण बाकीच्या लोकांइतकंच निघालंय. गुदद्वाराच्या कॅन्सरचं मात्र वेगळं आहे. तो बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि एचआयव्ही असलेल्यांना त्याचा धोका खरोखर कितीतरी पट जास्त असतो, त्याची तपासणीही वेगळी, तेव्हा दोन्हीची गल्लत नको.

मग काळजी कसली? उशिराची. चेकअपला गेलं की सगळं बोलणं सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) आणि व्हायरल लोडवर, रिपोर्ट चांगला आला की खूश होऊन घरी. शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध असेल, जुलाब लागले तर गोळ्यांमुळे, वजन उतरलं तर एचआयव्ही आहेच ना... प्रत्येक लक्षणाला कारण आधीच तयार! त्यात ज्या माणसाने आधीच लोकांच्या नजरा सोसल्यात त्याने परत कपडे उतरवून तिथलं दुखणं दाखवायचं, किती जड जातं ते. मला तरी हीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

तपासणी तशी अवघड नाही. अमेरिकेत 2021 पासून 45 व्या वर्षापासूनच सुरू करा म्हणतात, घरच्यांपैकी कुणाला झाला असेल तर त्याच्याही आधी. एक टेस्ट तर घरीच होते, काडीने शौचाचा थोडासा नमुना घ्यायचा, डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात सापडतं, आणि सापडलं तर पुढे कोलोनोस्कोपी. पण रक्त डोळ्यांना दिसतंय तर वय मोजत बसू नका, घरच्या टेस्टचीही वाट बघू नका, पुढच्या वेळी डॉक्टरांनी व्हायरल लोड वाचून दाखवला की खुर्चीतून उठायच्या आधी सांगून टाका, डॉक्टर, मला रक्त पडतंय.